काळा गुलाब मूळचा कुठला?

आमच्या गच्चीवर एका जुन्या मातीच्या कुंडीत गुलाबाचे एक झाड आहे. उंची कमरेपर्यंतही नाही. फांद्या काडीसारख्या बारीक, काटे मोजके, कोवळी पाने तांबूस. फूल लिंबाएवढे, पण रंग इतका गडद लाल की सकाळच्या सावलीत ते काळेच वाटते. म्हणून घरात त्याचे नाव 'काळा गुलाब'. पेठेतला जुना वाडा पाडला गेला तेव्हा अंगणातल्या झाडाची एक फांदी तोडून अम्मीने या कुंडीत खोचली होती. अंगणातले ते झाड कुणी लावले होते, हे तिलाही ठाऊक नव्हते.

गच्चीवर येणारा माणूस या झाडापाशी थांबतो आणि विचारतो, "हा मूळचा कुठला?" मग तोच उत्तरही देतो. उत्तरे दोनच असतात. कुणी म्हणतो, "इंग्रजांनी आणलेला दिसतो, कॅम्पातल्या बंगल्यांतला." कुणी म्हणतो, "तुमच्याकडचाच असणार, मुघलांनी इराणातून आणलेला." या दुसऱ्या उत्तरातल्या 'तुमच्याकडचा' या शब्दापाशी मी दरवेळी अडखळतो. पिढ्यान्‌पिढ्या पुण्यात राहिलेल्या, घरीदारी मराठी बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना "ते खरे, पण तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न चुकलेला नाही. मुस्लिम मराठी माणसाने निदान एकदा तरी तो ऐकलेला असतो. या गुलाबाचे कूळ शोधायला मी बसलो, तो त्या प्रश्नापायी. जे हाती लागले ते दोन्ही उत्तरांपेक्षा वेगळे निघाले.

सुरुवात शब्दापासून करावी लागते. फारसीत 'गुल' म्हणजे फूल, आणि विशेष अर्थाने गुलाबाचे फूल. 'आब' म्हणजे पाणी. 'गुलाब' हे मुळात फुलाचे नावच नव्हे. ते फुलाच्या पाण्याचे नाव. इराणात आजही या शब्दाने बाटलीतले सुगंधी पाणीच समजतात. लाल गुलाबाला ते 'गुल-ए-सुर्ख' म्हणतात आणि ज्याच्यापासून अर्क काढतात त्या सुवासिक गुलाबी फुलाला 'गुल-ए-मोहम्मदी'. आपल्याकडे पाण्याचे नाव फुलाला चिकटले. मग पाण्याला नाव उरले नाही, म्हणून आपण 'गुलाबपाणी' म्हणू लागलो. त्यात पाणी दोनदा आले, याकडे कुणाचे लक्ष गेले नाही. अरबांच्या तोंडी 'ग'चा 'ज' होऊन 'जुलाब' झाला. आधी तो गोड सरबताचा शब्द होता, नंतर पोट साफ करणाऱ्या औषधाचा झाला, आणि मराठीत तर त्या औषधाच्या परिणामाचा! दरबारात शिंपडले जाणारे गुलाबपाणी आणि हकिमाने दिलेला जुलाब, दोन्ही एकाच शब्दाची लेकरे.

अशी लेकरे मराठीत पुष्कळ आहेत. गुलकंद, गुलदस्ता, गुलछडी, गुलबास. फुलांपलीकडे गेलो तर बाग, बागायत, हौद. 'कलम' हा अरबी शब्द. मराठीत तो लेखणीलाही लागू पडतो आणि झाडालाही. माळी कलम बांधतो तेव्हा आपण अरबी बोलतो आहोत हे त्याच्या मनातही येत नाही, आणि येण्याचे काही कारणही नाही. तो शब्द आता त्याचाच आहे.

नावामागून पाण्याचा आणि अत्तराचा इतिहास येतो. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदीने सुगंधी द्रव्ये आणि अर्क काढण्याच्या कृतींवर ग्रंथ लिहिला. खलिफा अल-मामूनच्या खजिन्यात एकट्या फार्स प्रांतातून दरवर्षी गुलाबपाण्याच्या ३०,००० बाटल्या जमा होत, असे इब्न खल्दूनने नोंदवले आहे. काबागृह धुताना झमझमच्या पाण्यात गुलाबपाणी मिसळण्याची प्रथा आजही आहे. गुलाब पैगंबरांच्या घामातून उमलला, अशी लोकश्रद्धा इराण-तुर्कस्तानपासून आपल्या घरांपर्यंत पसरली आहे. हदीसच्या अभ्यासकांनी ती रिवायत ग्राह्य मानलेली नाही. तरी या फुलाविषयी लोकांच्या मनात किती प्रेम होते, ते तिच्यावरून कळते.

हिंदुस्थानात बाबराने आपल्या मुलींची नावे गुलरंग, गुलचेहरा आणि गुलबदन अशी ठेवली. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात गुलाबाच्या अत्तराच्या शोधाचे श्रेय नूरजहाँची आई अस्मत बेगम हिला दिले आहे. गरम गुलाबपाण्यावर येणारा तेलाचा तवंग तिने थोडा थोडा करून गोळा केला. दख्खनही मागे नव्हते. निजामशाहीच्या अहमदनगरात १५८३ साली फराहबाग पूर्ण झाला. विजापुरात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात 'इत्र-ए-नौरसशाही' हा खास सुगंधांवरचा ग्रंथ लिहिला गेला. पुणे परगणा आधी निजामशाहीत आणि मग आदिलशाहीत होता. दरबार बदलले, पण पाहुण्याच्या मनगटाला अत्तर लावून त्याच्यावर गुलाबपाणी शिंपडण्याची रीत टिकली. पेशव्यांच्या दरबारातही पानसुपारी आणि अत्तरगुलाब होऊनच बैठक उठत असे. आजही पुण्यात लग्न कुणाचेही असो, मांडवाच्या दाराशी गुलाबदाणी असतेच.

दरबार होता म्हणजे त्याला फुले पुरवणारे हातही होते. पुण्याच्या नकाशावर हिराबाग, सारसबाग, रमणबाग, तुळशीबाग, बेलबाग, विश्रामबाग ही नावे अजून आहेत. बागा बांधवणाऱ्यांची नावे इतिहासात आहेत, बागा शिंपणाऱ्यांची नाहीत. एक अपवाद मोठा आहे. साताऱ्याकडच्या कटगुणहून आलेल्या गोऱ्हे घराण्यातले बंधू पेशव्यांच्या वाड्यावर फुले, हार आणि फुलांच्या गाद्या पुरवू लागले. काम पाहून त्यांना ३५ एकर जमीन इनाम मिळाली आणि लोक त्यांना 'फुले' म्हणू लागले. त्याच घरात १८२७ साली जोतीराव जन्मले. मुलाची शाळा सुटली होती, तेव्हा त्याला पुन्हा शाळेत घाला म्हणून वडील गोविंदरावांना पटवणाऱ्यांत फारसीचे शिक्षक मुन्शी गफार बेग होते. पुढे वडिलांचे घर सोडावे लागले तेव्हा जोतीराव आणि सावित्रीबाईंना गंज पेठेत आसरा दिला तो उस्मान शेख यांनी. फुलांच्या धंद्यावरून पडलेले हे आडनाव आज मंडईलाही आहे.

बाकीच्या हातांना व्यक्ती म्हणून नाव मिळाले नाही. जमातीचे मात्र मिळाले. माळी, फुलारी, बागवान, अत्तार. एकाच फुलाचा प्रवास या चार शब्दांत मावतो: लावणारा, ओवणारा, विकणारा आणि अर्काचा व्यापार करणारा. यातले बागवान आणि अत्तार आपल्यातले. फुलारी दोन्हीकडे आढळतात. 'बागवान' हा शब्द फारसी, अर्थ बागेचा राखणदार. पण इंग्रजी अमलातल्या गॅझेटियर लिहिणाऱ्यांनीही बागवानांना इथल्याच शेती-बागाईत करणाऱ्या जातींमधून आलेले मानले आहे. नाव दूरचे, माणूस इथला. गुलाबाची गोष्ट नेमकी याच्या उलट असेल, असे मला वाटले होते: झाड दूरचे आणि नाव आपण दिलेले. पण गोष्ट इतकी सरळ नव्हती.

आमच्या काळ्या गुलाबाकडे परत येऊ. तो इराणातून आलेला असता तर 'गुल-ए-मोहम्मदी'च्या घराण्यातला असता. पण त्या गुलाबाचे झाड उंच, पसरट आणि काट्यांनी भरलेले असते. फूल फिकट गुलाबी, आणि बहर वर्षातून एकदाच, वसंतात. उत्तर प्रदेशात त्याला 'चैती गुलाब' म्हणतात ते यामुळेच. आमचे झाड बुटके, फूल गडद, आणि पाणी-खत मिळाले तर ते बारा महिने फुलते. म्हणजे मुघलांचा दावा इथेच संपतो.

मग इंग्रजांचा? अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्लंडकडे असा गुलाब नव्हताच. युरोपातले जुने गडद गुलाब 'गॅलिका' जातीचे. त्यांचा लाल रंग उमलल्यावर जांभळट होत जातो आणि बहुतेक उन्हाळ्यात एकदाच फुलतात. न विटणारा, उलट उन्हात अधिक गडद होणारा खरा लाल रंग आणि पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण हे दोन्ही होते चीनमधल्या गुलाबाकडे. चिनी माळ्यांनी शेकडो वर्षे निवड करकरून हा गुलाब घडवला होता. त्याच्या चिनी नावातच 'दर महिन्याला फुलणारा' असा अर्थ आहे.

हा गुलाब युरोपात गेला तो आपल्याकडून. चीनशी चालणाऱ्या व्यापारातून तो कलकत्त्याच्या बागांमध्ये पोचला होता. कंपनी सरकारने १७८७ साली हुगळीच्या काठी वनस्पती उद्यान सुरू केले. कलकत्त्याहून परतणाऱ्या कंपनीच्या एका जहाजाच्या कप्तानाने बुटक्या गडद लाल गुलाबाचे रोप सोबत नेले आणि ते कंपनीचे एक संचालक गिल्बर्ट स्लेटर यांच्या बागेत १७९० नंतरच्या एकदोन वर्षांत फुलले. १७९४ मध्ये विल्यम कर्टिसच्या वनस्पतीविषयक मासिकात त्याचे रंगीत चित्र छापून आले. आज जगभरच्या गुलाबप्रेमींमध्ये तो 'स्लेटर्स क्रिमसन चायना' म्हणून ओळखला जातो. नाव लागले ते ज्याच्या बागेत फुलला त्या मालकाचे. चीनमध्ये तो घडवणारा आणि कलकत्त्यात तो वाढवणारा, या दोघांपैकी कुणाचेही नाव त्याला लागले नाही.

फ्रेंच लोक या साऱ्या चिनी गुलाबांना 'बंगालचे गुलाब' म्हणत. बोटीवर चढले ते बंगालात, म्हणून मूळही बंगालचे ठरले! शेवटचा मुक्काम तेच मूळ गाव, असे मानण्याची चूक माणसांच्या बाबतीतही होते. पुढे फ्रान्समध्ये याच घराण्यातून १८३२ मध्ये 'क्रॅमोइझी सुपेरिअर' आणि १८३४ मध्ये 'लुई फिलिप' हे गडद लाल, बुटके गुलाब तयार झाले. १८६७ साली 'ला फ्रान्स' हा पहिला मानला गेलेला 'हायब्रिड टी' आला, आणि गुलाबाचे जुने व नवे अशी कालगणना तेव्हापासून सुरू झाली. आज बाजारात दिसणाऱ्या, वर्षभर फुलणाऱ्या बहुतेक गुलाबांमध्ये चिनी गुलाबाचा वारसा आहे. २०१८ साली शास्त्रज्ञांनी गुलाबाचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध केला, तोही एका जुन्या चिनी गुलाबाचाच.

इराणी आणि चिनी या दोन घराण्यांची सोयरीक कुठे झाली, तेही सांगण्याजोगे आहे. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर, तेव्हाच्या बूर्बाँवर, बागांच्या कुंपणाला दोन्ही जातींचे गुलाब लावत. १८२०च्या आगेमागे तिथे त्यांचा नैसर्गिक संकर आढळला. त्यातला 'एदुआर' हा गुलाब हिंदुस्थानात 'एडवर्ड' म्हणून रुळला आणि हार, गुलकंद व गुलाबपाण्यासाठी शेतात आला. सुगंध इराणी घराण्याचा, बहर चिनी घराण्याचा.

गंमत अशी, की इराणच्या नावाने ओळखला जाणारा एक बुटका, गडद आणि अतिशय सुवासिक गुलाबही आहे: 'रोज द रेश्त'. कॅस्पियन समुद्राजवळच्या रश्त शहरातल्या एका जुन्या बागेत आपल्याला तो सापडला, असे नॅन्सी लिंडसे या इंग्रज बाईंनी सांगितले आणि १९४०च्या दशकात तो इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला. पण चहा घेऊन चीनहून येणाऱ्या काफिल्यांबरोबर तो तिथे आला असावा, असा त्यांचा तर्क होता. म्हणजे इराणात सापडलेल्या गुलाबालाही कुणीतरी विचारलेच, "मूळचा कुठला?"

पुण्यात १८१७-१८ नंतर लष्कराची छावणी वसली. बंगल्यांभोवती बागा आल्या आणि त्या बागांत माळी म्हणून पेठांतली माणसे गेली. 'अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' ही संस्था १८३० सालची. एम्प्रेस गार्डन आणि तिथले जानेवारीतले पुष्पप्रदर्शन तीच सांभाळते. गणेशखिंडीतल्या सरकारी वनस्पती उद्यानाचे प्रमुख आणि सायन्स कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे अध्यापक जी. मार्शल वुड्रो यांनी हिंदुस्थानातल्या बागकामावर लिहिलेले पुस्तक पुढच्या कित्येक वर्षांत पुन्हा पुन्हा छापले गेले. परदेशातून रोपे आणि ज्ञान दोन्ही आले, हे मान्य करायलाच हवे. पण साहेबाची बदली झाली की बाग माळ्याच्या हाती राहायची. छाटलेल्या फांद्या माळ्याबरोबर घरी यायच्या आणि एखाद्या वाड्याच्या आडापाशी, सांडपाण्याच्या ओलीवर रुजायच्या. जुने गुलाब असेच पसरतात. पुस्तकात त्यांची नोंद होत नाही. आमचे झाड कॅम्पातून आलेले असो की कलकत्त्याकडून, त्याच्या फांद्या, पाने आणि बहर चिनी घराण्याची साक्ष देतात.

पुण्याच्या हवेत हे घराणे का टिकले, ते झाड वाढवताना कळते. इराणी गुलाबाला भरपूर फुलायचे तर हिवाळ्यात चांगली थंडी लागते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, पण दुपारी ऊन असतेच. तेवढ्या थंडीत ते झाड पाने काढत राहते, फुले मात्र मोजकी देते. चिनी गुलाबाला थंडीची गरजच नाही. पावसाळा संपला की तो कळ्यांवर येतो आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्याचा खरा बहर असतो.

त्याची मागणीही कमी. कुंडी फार मोठी नको, पण तळाला विटांचे तुकडे घालून पाण्याला वाट हवी. आपली नुसती काळी माती पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात, म्हणून तीत पोयट्याची माती आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. महिन्यातून एकदा मूठभर निंबोळी पेंड पुरते. निदान पाच-सहा तास ऊन हवे. मात्र एप्रिल-मे मध्ये दुपारचे ऊन टाळावे. गडद पाकळ्या तापतात आणि कडा करपतात. थंडीत भुरी आणि कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो, त्याकडे लक्ष असावे. सर्वांत मोठी चूक छाटणीत होते. मोठ्या फुलांच्या नव्या गुलाबाला ऑक्टोबरच्या मध्यावर सपाटून छाटतात. तीच कात्री या झाडाला लावली तर ते वर्षभर रुसते. वाळक्या काड्या आणि एकमेकांत अडकलेल्या फांद्या काढाव्यात, शेंडे थोडे खुडावेत, बस्स.

रोप करायला कारागीर लागत नाही. नुकतेच फूल गळलेली वीतभर फांदी घ्यावी, तीन-चार डोळे असलेली. खालची पाने काढून ती ओलसर मातीत खोचावी, वर अर्धी कापलेली बाटली पालथी घालावी आणि सावलीत ठेवावी. चार ते सहा आठवड्यांत मुळे फुटतात. अम्मीने केले ते हेच. बाटलीऐवजी तिने काचेचा ग्लास पालथा घातला होता.

गुलाबांचा धंदा आता वेगळ्या वाटेने गेला आहे. पुणे, नाशिक आणि राहाता-शिर्डीच्या शेतांत 'ग्लॅडिएटर' या १९५५ सालच्या जातीने हारांच्या बाजारात जम बसवला. मावळात तळेगावच्या हरितगृहांत लांब दांड्यांचे गुलाब पिकतात आणि फेब्रुवारीत परदेशी जातात. पुष्पसंशोधनाचे केंद्रीय संचालनालयही दिल्लीहून पुण्यात आले आहे. फुलबाजार भरतो तो गुलटेकडीला, नावातच 'गुल'. या सगळ्यात लहान फुलाच्या, काढल्यावर दिवसभरही न टिकणाऱ्या काळ्या गुलाबाला भाव नाही. वाडे पडले तशी आडापाशची झाडेही गेली. ज्यांनी वेळेवर एक फांदी तोडून घेतली, त्यांच्याकडेच तो उरला.

या शोधात एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटली. बाजारातला नवा गुलाब बहुधा जंगली गुलाबाच्या खुंटावर डोळा भरून केलेला असतो. वर एक जात, खाली दुसरी. वरचे मेले की खालचा खुंट फुटतो आणि वेगळेच झाड हाती येते. आमचा काळा गुलाब फांदीपासून आलेला. त्याच्याखाली दुसऱ्याचा खुंट नाही. फूल ज्याचे, मुळेही त्याचीच. ती मुळे आधी वाड्याच्या अंगणात होती, आता या कुंडीत आहेत.

आता कुणी विचारले, "हा मूळचा कुठला?" तर मी चीन, कलकत्ता, इराण ही सगळी कहाणी सांगतो. ऐकणारा ऐकून घेतो आणि तरी विचारतो, "पण मग आता याला म्हणायचे कुठला?" मी कुंडीकडे बोट दाखवतो. मूळ म्हणजे जिथे मुळे आहेत ते. आणि हवी असेल तर एक फांदी कापून देतो. ऑक्टोबरचे दिवस त्याला चांगले.